निर्माता मी शोधीन

दहाव्याच्या दिवशी कावळा येईना, तेव्हा मी घड्याळ बघितलं.

मोठा भाऊ गेला होता. पैनगंगेच्या काठी आम्ही सगळे उन्हात उभे होतो, पिंड मांडलेला होता. आणि माझ्या डोक्यात चाललं होतं की घरी भाताचं आधण कुणी ठेवलं असेल का, भटजींना पुढच्या गावी जायचं आहे, आणि परतीची गाडी चुकली तर पाहुण्यांना झोपवायचं कुठे. मी तशीच आहे. घरात कुणी आजारी पडलं की बाकीचे रडतात. मी थर्मास, चादर आणि जुने रिपोर्ट पिशवीत भरते. आदिलाबादच्या तहसील कचेरीत मी कारकून होते. आमच्याकडे निजामाच्या वेळचे शब्द अजून चालायचे. एखादं प्रकरण निकाली निघालं, कागद कायमचे कपाटात गेले, की त्याला ‘दाखल दफ्तर’ म्हणत. तो शब्द मला फार आवडायचा. दिवसाच्या शेवटी किती गोष्टी दाखल दफ्तर झाल्या, यावर मला झोप कशी लागेल ते ठरायचं.

आमचं मूळ गाव भीमपूरच्या पुढे, नदीला लागून. नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे महाराष्ट्र. त्या दिवशी कावळे सगळे पलीकडच्या बाभळींवर होते. इकडे एक फिरकत नव्हता.

अशा वेळी गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलं असेल ते ओळखून शब्द द्यायचा असतो. काका पुढे झाले. हात जोडून म्हणाले, “बापू, वावर पडीत ठेवनार नाई. सूनबाईले कोनी भायेर काढनार नाई. तुही सायकल बी कोनाले देनार नाई, घरातच राह्यीन.” कावळे हलले नाहीत.

“दर्भाचा करू का?” भटजींनी विचारलं. “ऊन चढून राह्यलं.” खरा कावळा नाही आला तर गवताचा करून शिववतात. माझी त्याला काही हरकत नव्हती.

“थांबा जरासं,” वहिनी म्हणाली. ती माझ्या शेजारीच, थोडी मागे, नदीकडे तोंड करून उभी होती. तोंडावर पदर होता.

तेव्हा मला सुचलं. मी पुढे झाले आणि स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, “दादा, तुह्या सिनेमाचं मी पाह्यते. निर्माता मी शोधीन.”

पलीकडून एक कावळा उडाला, नदी ओलांडून आला आणि थेट पिंडाला शिवला.

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “पोरी, तू शबूद देला. आता निभाव.”

मी मान डोलावली. मागे वळले तेव्हा वहिनीचे ओठ पदराआड हलताना दिसले. काहीतरी म्हणत असेल, राम राम वगैरे, असं समजून मी स्वयंपाकाच्या चौकशीला लागले.

*

भाऊ आंध्रच्या एसटीत कंडक्टर होता. आदिलाबादहून सीमेकडच्या गावांना जाणाऱ्या गाडीवर त्याची ड्यूटी असायची. घर मात्र इचोड्याला, हमरस्त्याच्या कडेला. ड्यूटी संपली की संध्याकाळच्या गाडीनं घरी. रविवारी आमच्याकडे आदिलाबादला यायचा, स्वयंपाकघरात पाटावर बसायचा आणि मी पोळ्या लाटत असताना मला सिनेमा सांगायचा.

एकदा सिनेमावाल्यांची गाडी बिघडून त्यांच्यातले काही जण त्याच्या गाडीत बसले होते. त्यांच्यापैकी कुणीतरी त्याला पटकथा कशी लिहितात ते दोन थांब्यांच्या मध्ये समजावून दिलं: जागा लिहायची, वेळ लिहायची, आणि जे दिसतं तेवढंच लिहायचं. मनातलं काही लिहायचं नाही. हे त्याला इतकं पटलं की पुढची काही वर्षं त्यानं एकच पटकथा लिहिली आणि पुन्हा पुन्हा लिहिली. तिला नाव दिलं नव्हतं.

गोष्ट थोडकी होती. सीमेवरच्या एका गावात एक म्हातारी रोज सांजेच्या गाडीला कंदील घेऊन थांब्यावर येते. गाडी थांबली की आत चढते, कंदील वर धरून एकेक बाक बघते, प्रत्येकाचा चेहरा बघते, आणि उतरते. मग कंडक्टर घंटी देतो. नवे प्रवासी चिडतात, जुने पाय आखडून तिला वाट देतात. तिच्याभोवती गावातल्या, गाडीतल्या माणसांच्या गोष्टी घडत राहतात. लग्नं ठरतात, भांडणं होतात, कापसाची बोचकी चढतात उतरतात. शेवटी एका संध्याकाळी गाडी थांबते आणि म्हातारी आलेली नसते. कंडक्टर घंटी देत नाही. ड्रायव्हर इंजिन बंद करतो. कुणी काही बोलत नाही. भरलेली गाडी अंधारात तिची वाट बघत उभी राहते. संपलं.

‘ड्रायव्हर इंजिन बंद करतो’ म्हणताना भाऊ हमखास खोकायचा. बिडीचा कोरडा खोकला, एकदाच. मग माझे यजमान त्याला तांब्या आणून देत, तो पाणी पिई, आणि राहिलेली दोन वाक्यं सांगे. दर वेळी असंच. त्या खोकल्यामुळे इंजिन खरंच बंद पडल्यासारखं वाटायचं.

*

शब्द दिला होता म्हणून मी कामाला लागले. आधी माझ्या अक्षरात स्वच्छ प्रती काढल्या, कारण कचेरीत टंकयंत्रं होती ती तेलुगू आणि इंग्रजीची. मग पत्ते गोळा केले आणि रजिस्टर पोस्टानं प्रती पाठवल्या. पोच यायची. उत्तर यायचं नाही. मी स्मरणपत्रं पाठवली. त्यांचीही पोच आली.

“आमच्या घरी आता निर्मातीण बाई राहतात,” यजमान शेजाऱ्यांना सांगत. ते शाळेत मास्तर होते आणि त्यांना गंमत करायला प्रेक्षक लागायचा.

कचेरीतल्या एका साहेबांच्या ओळखीनं मी हैदराबादला गेले. ऑफिसच्या बाहेर बाकावर गोष्टी घेऊन आलेली माणसं ओळीनं बसली होती. माझा नंबर आला तेव्हा मी पिशवीतून प्रत काढली. तिथल्या मदतनिसानं ती उचलून बाजूला ठेवली. “चदवरु अम्मा, चेप्पंडि,” तो म्हणाला. वाचत नाहीत बाई, सांगा.

मला हे माहीत नव्हतं. या धंद्यात गोष्ट ऐकवायची असते. इतकी वर्षं मी ज्यांना पानं पाठवत होते, त्यांच्यातल्या कुणी पान उलटायची पद्धतच नव्हती. मी कचेरीच्या तेलुगूत गोष्ट सांगितली, जमिनीच्या मोजणीचा अहवाल सांगावा तशी. निर्मात्यानं मध्ये दोनदा फोन घेतला. संपल्यावर त्यानं विचारलं, “एवरि कोसं?” कुणासाठी? ती बाई कुणाला शोधते?

“तेलियदु,” मी म्हटलं. माहीत नाही.

तो हसला. “लिहिलंय कुणी?”

“भावानं.”

“मग त्याला घेऊन या ना, अम्मा. तो सांगेल.”

परतीच्या गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती. निर्मल गाव येईपर्यंत कुणी बसलं नाही. मी त्या जागेवर पिशवी ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली.

*

ऐकवायचं असेल तर ऐकवायला शिकलं पाहिजे. भाऊ कसा सांगायचा ते मला पाठ होतं: कुठे आवाज खाली जायचा, कुठे हात कंदील धरल्यासारखा वर जायचा. मी खोलीचं दार लावून सराव सुरू केला. पहिल्या दिवशी शब्द आले, पण शेवट पडला. दुसऱ्या दिवशीही पडला. मग मी ‘ड्रायव्हर इंजिन बंद करतो’ म्हणून एकदा खोकून बघितलं.

दार उघडलं. यजमान तांब्या घेऊन आत आले, तो माझ्या पुढ्यात ठेवला आणि तिथेच थांबले. तांब्याकडे बघत राहिले. तो घेऊन आपण इथे कसे आलो हे त्यांना आठवत नव्हतं, असं मला वाटलं.

“हे नको करत जाऊस,” ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी निर्मातीण बाईवरून चेष्टा केली नाही.

मी खोकला काढून टाकून बघितला. गोष्ट पुन्हा अहवाल झाली. तेव्हा तो परत घातला. लवकरच तो मला घालावा लागेना. ती जागा आली की येऊ लागला. बिडी मी आयुष्यात ओढलेली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं पुण्याला गेलो. तिथले निर्माते भला माणूस. पत्नीसकट ऐकायला बसले, चहा दिला. मी सांगायला लागले आणि खोली शांत झाली. खोकल्यापाशी त्यांच्या पत्नीनं चटकन माझ्या मागच्या दाराकडे बघितलं. दार बंदच होतं. नंतर गोष्ट संपेपर्यंत ती तिकडेच बघत होती.

“सुंदर,” निर्माते म्हणाले. “पण हे गाव नेमकं कुठलं? आदिलाबाद म्हणजे आंध्रच ना? तिथे मराठी बोलतात?”

“आम्ही बोलतो,” मी म्हटलं.

“तिकडे राहूनसुद्धा तुमचं मराठी चांगलं आहे हो.”

यजमानांना राहवलं नाही. “तुमचंही चांगलं आहे,” ते म्हणाले. सगळे हसले. हसणं ओसरल्यावर निर्मात्यांनी विचारलं, “आणि ती कुणाची वाट बघते?”

मी सांगितलं की ते लिहिलेलं नाही.

“लिहिलेलं नसेल, पण असेल ना काहीतरी. तुमचे बंधू काही बोलले असतील.” ते मला दारापर्यंत सोडायला आले. “पाहतो,” म्हणाले.

‘पाहतो’ला मी तारीख विचारली. तेव्हा मला तो शब्द कळायचा होता.

*

यात वर्षं गेली. मी रजा जमवायची आणि कुणीतरी ओळख दिली की जायची. प्रत्येक ठिकाणी गोष्ट ऐकत आणि प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न येई. जणू सगळ्यांनी आपसात ठरवलं होतं. मला स्वतःलाही तो प्रश्न भाकरी थापताना, कचेरीत मिसलीला, म्हणजे फायलीला, शिक्का मारताना आडवा यायला लागला. काहीतरी उत्तर तयार करून देणं अवघड नव्हतं. हरवलेला नवरा, फौजेत गेलेला भाऊ, काहीही. पण गोष्ट माझी नव्हती. आणि ज्याची होती तो दरवर्षी पितृपक्षात येऊन बसायचा.

हे मी शब्दशः म्हणत नाही. घडायचं ते एवढंच. भावाच्या तिथीला मी इचोड्याला जायची. वहिनीची खोली पंक्चरच्या दुकानामागे होती. उंबऱ्यावर उभं राहिलं की गाड्यांचा थांबा सरळ दिसायचा. मूलबाळ नव्हतं. वहिनी ब्लाउज शिवून एकटी राहायची. काका गावाहून येत, पान वाढून अंगणात ठेवत. एक कावळा पत्र्यावर येऊन बसे, पानाकडे बघे, आमच्याकडे बघे, आणि चोच न लावता उडून जाई. शेजारच्या घरची पानं पाच मिनिटांत साफ होत. आमचं पान दर वर्षी गाईला घालावं लागे.

“वसुलीले येते तो,” काका म्हणत आणि माझ्याकडे बघत. “शबूद पाह्यजे त्याले, भात नाई.”

अशा दिवशी मी मुक्कामाला असले की जेवायला उशीर व्हायचा. वहिनीला संध्याकाळची गाडी येऊन गेल्याशिवाय ताट वाढायची सवय नव्हती. भाऊ असताना ठीक होतं. आता काय कारण? माझं पित्त खवळायचं. एकटी बाई, वेळेवर खात नाही, तब्येत बिघडली तर कोण बघणार, म्हणून मी दर वेळी तिला बोलायची. ती ‘हो ताई’ म्हणायची.

*

नव्वदच्या दशकाची पाच-सहा वर्षं उलटली होती. आदिलाबादच्या कापूसबाजारात येणाऱ्या एका व्यापाऱ्यानं नागपूरच्या एका जिनिंगवाल्याचं नाव सांगितलं. त्याला म्हणे आयुष्यात एक सिनेमा काढायचाच होता. मी गेले. ऑफिस जिनच्या मागच्या बाजूला होतं, टेबलावर सरकीची भुकटी होती. शेठ डोळे मिटून ऐकत बसला. झोपला असं मला वाटलं. खोकल्याच्या जागी त्याचा मुनीम उठून खिडकी लावायला गेला, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

शेवटचं वाक्य झालं. शेठनं डोळे उघडले.

“करू,” तो म्हणाला.

मी त्याला पुन्हा विचारलं. चुकून ऐकायला नको.

“करू म्हनलं ना बाई. बस आपल्याले भेटते, गाव तुमचंच घेऊ. पन मले एक सांगा, ते बुढी कोनाले पाह्यते?”

मी पिशवीचे बंद सारखे करू लागले.

“पोरगा म्हनू? मुंबईले गेला, परत नाई आला. शेवटी येते. बुढी मेलेली रायते, पोरगा कंदील उचलते. पोस्टरवर पोराचा फोटू बी लागते ना.” तो खुर्चीत पुढे सरकला. “तुमी घरी जा, इचार करा. पोरगा नसन त दुसरं कोनी सांगा, आपलं काई नाई. पन कोनीतरी पाह्यजे. पितृपक्षात मी काई सुरू करत नाई. तो सरायच्या आधी मले फोन करून टाका.”

जिन्यावरून उतरताना मी मनात म्हटलं, झालं. दिलेल्या शब्दाप्रमाणे मी निर्माता शोधला होता. पुढचं काम त्याचं. प्रकरण दाखल दफ्तर.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले आणि सवयीनं गोष्ट पुटपुटायला लागले. पांढरकवड्याच्या पुढे कुठेतरी ‘ड्रायव्हर इंजिन बंद करतो’ आलं. खोकला आला नाही. मी पुन्हा म्हटलं. आवाज माझा होता, नुसता माझा. एका बाईचा, जरा घशात बसलेला. मी मुद्दाम खोकून बघितलं तर समोरच्या बाईनं मला लवंग दिली.

मला हवं ते मिळालं होतं आणि मी लवंग तोंडात धरून बसले होते.

*

तिथीच्या दिवशी मी सकाळीच इचोड्याला पोचले. बेत पक्का होता: पान ठेवायचं, आज कावळा शिवणार, मग स्टँडजवळच्या एसटीडी बूथवरून नागपूरला फोन करायचा आणि ‘पोरगा’ म्हणून सांगून टाकायचं. काकांना मी शेठबद्दल सांगितलं. काकांनी डोळे पुसले. पान ठेवताना मोठ्यानं म्हणाले, “बापू, पोरीनं शबूद निभावला रे. भेटला निर्माता. आता घे.”

कावळा पत्र्यावर आला. पानाकडे बघितलं. आमच्याकडे बघितलं. उडून गेला.

काकांनी वाट बघितली, मी बघितली. दुपार कलली तसं पान गाईला गेलं आणि काका गावाच्या गाडीला निघून गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, तिच्यात राग नव्हता. कचेरीत चुकीची मिसल आणली की शिपायाकडे बघतात तसं काहीतरी होतं.

वहिनी मशीनवर बसली होती. मी खाटेवर बसले.

“वहिनी, आता काय राह्यलं? सगळं केलं ना मी.”

“केलं ना ताई. कोन नाई म्हनते?”

“मंग काऊन शिवत नाई?”

वहिनीनं पायडल थांबवलं. “त्या दिशी नदीवर तो तुमच्या बोलन्यावर आला, असं वाटते तुमाले?”

“मी बोलले आणि तो उडाला. सगळ्यांनी पाह्यलं.”

“मी बी बोलले ना त्याच टाइमाले.” तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती. “तुमचा आवाज मोठा, कचेरीतला. माहा कोनाले आयकू येते?”

“काय म्हनलं तुमी?”

“म्हनलं, आजपासून मी येळेवर जेवीन. तुमची वाट पाह्यत उपाशी बसनार नाई.” ती ब्लाउजची बाही उलटीसुलटी करत राहिली. “रोज भांडन होतं आमचं त्याच्यावरून. गाडीतून उतरले का पह्यला सवाल, जेवली का? मी म्हनायची, नाई. मंग बडबड. दवाखान्यात नाकात नळी होती, ताई, बोलता येत नव्हतं, त हातानं इचारत. जेवली का?”

पंक्चरच्या दुकानात कुणीतरी ट्यूब पाण्यात बुडवून बघत होतं. बुडबुड ऐकू येत होती.

“पन तुमी तर...” मी म्हटलं.

“हो.”

“रोज गाडी गेल्यावरच जेवता.”

“हो ना.”

“शब्द मोडला तुमी वहिनी. त्यानं तिकडं मान्य केला आणि तुमी इकडं मोडला. म्हनून तो...”

“मोडला,” वहिनी म्हणाली. दातानं धागा तोडला. “पाळला असता त त्याचं मन सुटलं असतं. मंग तो काऊन येईन, ताई?”

इतकी वर्षं मी ज्याला शांत करायला हैदराबाद, पुणे, नागपूर करत होते, त्याला हिनं रोज एक जेवण उशिरा करून इथे धरून ठेवलं होतं. मला राग यायला हवा होता. मला आठवलं ते पांढरकवड्याच्या पुढचं, खोकला हरवून लवंग तोंडात धरून बसलेली मी.

मी विचारलं, “ती म्हातारी कोणाले पाह्यते, ते तुमाले ठाऊक आहे?”

“ठाऊक हाय.”

“खरंच होती ती?”

“होती ना. सीमेकडच्या थांब्यावरची. यायनं एकदा इचारलं तिले. घरी येऊन मले सांगतलं.”

“मंग मले काऊन नाई सांगतलं इतके वर्ष?”

“तुमी कदी इचारलं? आल्या का राशन भेटलं का, पेन्शनचा कागद आला का, येळेवर जेवता का. हे इचारता तुमी.” ती पुन्हा हसली, पण या वेळी पदर लावला नाही. “ते बुढी म्हने, मले आता आठवत नाई बाबा कोनाले पाह्यते ते. पन गाडी पाह्यल्याशिवाय जेवन जात नाई.”

*

बूथवर कुणी नव्हतं. काचेच्या खोलीत लाल आकडे पळत होते. शेठनंच उचलला.

“बोला बाई. कोन हाय मंग? पोरगा ना?”

“तिला आठवत नाही,” मी म्हटलं.

“म्हंजे?”

“ती विसरली. कोणाची वाट पाह्यते ते तिले आठवत नाई. पन गाडी पाह्यल्याशिवाय तिले जेवन जात नाई.” आणि तिथे खोकला आला. कोरडा, एकदाच. मी रिसीव्हर घट्ट धरला.

तिकडून शेठनं विचारलं, “मंग लोकं काय पाह्यतीन?”

“गाडी,” मी म्हटलं.

“बाई, पोरगा लावून टाका ना. पिक्चर निंगते. तुमचं काय जाते?”

काय जातं ते मला सकाळी सांगता आलं नसतं. संध्याकाळीही त्याला सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, आहे असं करता आलं तर करा.

“पाह्यतो मंग,” शेठ म्हणाला.

यावेळी मी तारीख विचारली नाही.

खोलीवर परतले तेव्हा वहिनीनं दिवा लावला होता. दोन ताटं मांडून ठेवली होती, झाकलेली. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. मी हात धुतले, बसले, ताट पुढे ओढलं आणि झाकण काढलं. वहिनी उंबऱ्यावर उभी होती. ती आत आली, माझ्या ताटावर स्वतःचा तळहात धरला.

“थांबा ना ताई,” ती म्हणाली. “येतेच हाय गाडी.”

मी उठले आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.